ग्रीन्सबरोचें उपाहाराचें मेज

१ फेब्रुवारी १९६० रोजीं अमेरिकेंतील ग्रीन्सबरो शहरीं चार कृष्णवर्णी विद्यार्थ्यांनीं वूलवर्थच्या दुकानांत किरकोळ जिन्नस विकत घेतले. त्यांचे पैसे बिनतक्रार स्वीकारले गेले. परंतु तेथल्याच उपाहाराच्या मेजाशीं बसून त्यांनीं कॉफी मागतांच, हें मेज गोऱ्यांसाठीं आहे, म्हणून नकार मिळाला. पैशास विटाळ नाहीं, माणसास मात्र आहे, ही विसंगति त्यांनीं दुकान मिटेपर्यंत निमूटपणें बसून राहून उघड केली. गांधीजींच्या सत्याग्रहाचा धडा त्यांच्यापुढें होताच. दुसऱ्या दिवशीं सोबती वाढले. दोन महिन्यांत दक्षिणेंतील अनेक शहरीं हेंच घडलें. दुकानाची विक्री घटली, व २५ जुलै रोजीं तें मेज सर्वांस खुलें झालें. तेथें प्रथम बसून जेवले ते दुकानाचेच कृष्णवर्णी नोकर. ज्यांच्या श्रमांवर तें दुकान चाले, त्यांनाच तेथें बसावयास जवळजवळ सहा महिन्यांचा लढा लागला! १९६४ च्या कायद्यानें हा भेद देशभर निषिद्ध ठरला.