न्यायाचे दार आणि दाराची फी
आखातातील धर्म, राज्य व खर्च यांचा थोडा इतिहास

कायद्याच्या पुस्तकात हक्क लिहिला गेला म्हणजे तो माणसाच्या पदरात पडला असे होत नाही. तो मागण्यासाठी कचेरीत जावे लागते, अर्ज लिहावा लागतो, वकील करावा लागतो, कागदपत्रांची भाषांतरे करून त्यांवर शिक्के घ्यावे लागतात. आणि यातील प्रत्येक पायरीवर पैसे मोजावे लागतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील म्हणत आले, ते न्यायावर त्यांचा विश्वास नव्हता म्हणून नव्हे. पायरीचा भाव त्यांना ठाऊक होता म्हणून. धर्म आणि राज्य यांच्या संबंधांविषयी बोलताना विद्वान मंडळी तत्त्वांची चर्चा पुष्कळ करतात, परंतु या खर्चाची चर्चा क्वचितच करतात. २०२० साली इस्राएल व संयुक्त अरब अमिराती यांच्यात करार झाल्यापासून आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा दुबई व अबू धाबी या शहरांशी नोकरी, व्यापार व प्रवास या निमित्ताने संबंध येऊ लागला आहे. म्हणून तेथील धर्मविषयक कायद्यांचा इतिहास आम्ही या खर्चाच्या बाजूने मांडू इच्छितो.

प्रथम अमेरिकेकडे वळणे इष्ट, कारण हा प्रश्न तेथे अगदी उघडपणे विधिमंडळात आला. धर्मसंस्था व राज्यसंस्था विभक्त असाव्यात हे त्या देशाच्या घटनेतील तत्त्व आहे. सरकारने ते मोडले तर कोणीही बाधित नागरिक दावा लावू शकतो. परंतु दावा जिंकला तरी ज्याने त्याने आपल्या वकिलाचे पैसे आपणच द्यावेत, असा तेथील जुना रिवाज. गरीब नागरिकाने बलाढ्य सरकारशी वर्षानुवर्षे भांडावे, जिंकावे, आणि शेवटी कर्जबाजारी व्हावे, असा त्याचा अर्थ झाला असता. म्हणून १९७६ साली कायदा झाला की, नागरी हक्कांच्या अशा दाव्यांत जिंकणाऱ्या पक्षाला वकिलाची वाजवी फी हरणाऱ्याकडून देवविण्याचा अधिकार न्यायालयास असावा. अलाबामा राज्याच्या मुख्य न्यायाधीशांनी २००१ साली न्यायमंदिरात दशाज्ञांची भव्य शिळा बसविली. न्यायालयाच्या आदेशाने २००३ साली ती हलवावी लागली आणि वादींच्या वकिलांचा पाच लाख डॉलरांहून अधिक खर्च राज्याच्या माथी बसला. सीनाय पर्वतावर आपल्याच पूर्वजांना मिळालेल्या त्या आज्ञा. पण सरकारी इमारतीत त्यांची स्थापना होऊ नये, असे म्हणणाऱ्यांत यहुदीही होते. अल्पसंख्याकाला ठाऊक असते की आज आपल्या आज्ञा भिंतीवर लावणारा हात उद्या दुसऱ्याच्या लावील.

या खर्चाचा धाक मोठा असल्यामुळेच तो काढून टाकण्याची खटपट झाली. धर्म-राज्य विभक्ततेच्या दाव्यांत वकिलाची फी मुळीच देवविता येऊ नये, असे विधेयक अमेरिकन प्रतिनिधिगृहाने सप्टेंबर २००६ मध्ये २४४ विरुद्ध १७३ मतांनी संमत केले. सिनेटने ते पुढे नेले नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, विधेयकाने घटनेतील एका अक्षरालाही हात लावला नव्हता. हक्क जसाच्या तसा ठेवून केवळ तो मागण्याचा खर्च वाढविला, तरी हक्काचे काय होते हे विधेयकाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना पक्के कळत होते.

भारतात हाच विषय दुसऱ्या वाटेने आला. कोणत्याही विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कोणावरही कर लादता येणार नाही, असे भारतीय घटनेचे २७ वे कलम सांगते. मुंबई सरकारने १९५० साली सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा केला. आपल्या अनेक सिनेगॉगांचे विश्वस्तही त्याच कायद्याखाली हिशेब देत आले. त्यातील वार्षिक वर्गणी हा धर्मावरील कर आहे काय, असा प्रश्न रतिलाल पानाचंद गांधी यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९५४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, हा कर नसून देखरेखीच्या सेवेबद्दलची फी आहे, म्हणून ती वैध. पण धर्मसंस्थेच्या कारभारात नको तितका शिरकाव करणारी त्याच कायद्यातील काही कलमे मात्र रद्द. सेवेचे मोल घेणे निराळे आणि श्रद्धेवर पट्टी बसविणे निराळे, हा विवेक आपण पुढील इतिहास पाहताना हाताशी ठेवू.

आता आखात. दुबई-शारजा-अबू धाबीचा किनारा आपल्याला वाटतो तितका परका नव्हता. इराणी आखातातील ब्रिटिश रेसिडेन्सीचा कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाती होता. बहरीनसाठी १९१३ साली निघालेल्या राजाज्ञेत ब्रिटिश न्यायाधिकारापुरते ते बेट जणू मुंबई इलाख्यातील एक जिल्हा आहे असे मानले गेले. १९६६ पर्यंत या किनाऱ्यावर रुपयाच चालत होता. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या होत्या. किनाऱ्यावरील शेखांच्या राज्यांत ब्रिटिशांनी १९४६ पासून राजाज्ञांद्वारे आपली न्यायालये रीतसर उभी केली. स्थानिक प्रजेचा न्याय शेख व काझी यांच्याकडे आणि ब्रिटिश प्रजाजनांसह बहुतेक परकीयांचा न्याय ब्रिटिश अधिकाऱ्याकडे, अशी ती दुहेरी रचना होती. धर्म व राज्य तेथे विभक्त नव्हते. विभक्त होती ती माणसे.

१९७१ साली ब्रिटिश निघून गेले आणि अमिरातींचा संघ जन्मला. नव्या घटनेच्या ७ व्या कलमाने इस्लाम हा संघाचा अधिकृत धर्म ठरला व शरियत हा कायद्याचा एक मुख्य आधार. ३२ व्या कलमाने रूढ प्रथांना अनुसरून, सार्वजनिक सुव्यवस्था व नीती यांना बाध न आणता, उपासनेचे स्वातंत्र्य दिले. या दोन कलमांमधील जागा भरली ती खटल्यांनी नव्हे, तर राजांच्या देणगीने. अबू धाबीचे सेंट जोसेफ चर्च १९६५ साली आणि दुबईचे सेंट मेरी चर्च १९६७ साली उभे राहिले, ते शेखांनी दिलेल्या जमिनींवर. दुबईतील हिंदू मंदिर तर १९५८ पासूनचे. कोकणातील आपल्या पूर्वजांना ही रीत अनोळखी वाटली नसती. आपले तंटे आपल्या काझीपुढे मिटवावेत, राजाने त्यात पडू नये, आणि राजाच्या सद्भावनेवर निर्वाह व्हावा, असेच त्यांचे शतकानुशतके चालले होते.

परंतु देणगीच्या जमिनीवर प्रार्थना करता येते. वारसाहक्काचा प्रश्न तिने सुटत नाही. २००५ च्या व्यक्तिविषयक कायद्यात मुस्लिमेतर परकीयाला आपल्या मायदेशाचा कायदा लावून मागण्याची मुभा होती. कागदावर ती उदारच होती. पण मायदेशाचा कायदा न्यायालयाला दाखवायचा कोणी? ज्याला हवा त्याने. म्हणजे कायद्याची प्रत मिळवा, वकिलातीचा शिक्का घ्या, अरबीत अधिकृत भाषांतर करवा, आणि मग वकिलाकरवी मांडा. ज्याला हे परवडत नसे त्याच्या मालमत्तेची वाटणी शरियतप्रमाणे होण्याचा संभव असे. शिवाय अमिरातीच्या सर्वसाधारण न्यायालयांत जिंकणाऱ्याला वकिलाच्या फीपोटी सामान्यतः नाममात्र रक्कमच मिळते. दुबई व अबू धाबी येथील वित्तकेंद्रांची इंग्रजी पद्धतीची न्यायालये मात्र हरणाऱ्याकडून वाजवी खर्च देववितात. एकाच देशात दोन दारे, आणि दोहोंचा भाव निरनिराळा.

हा फरक मृत्युपत्रांच्या बाबतीत स्पष्ट दिसला. २०१५ साली दुबईच्या वित्तकेंद्रात मुस्लिमेतरांच्या मृत्युपत्रांची नोंदणी सुरू झाली. सोय उत्तम, परंतु एका संपूर्ण मृत्युपत्राची फी १०,००० दिरहॅम, म्हणजे बांधकामावरील मजुराची कित्येक महिन्यांची मजुरी. पुढे २०१७ साली अबू धाबीच्या न्यायखात्याने तीच सोय एक हजार दिरहॅमच्या आत उपलब्ध केली. हक्क तोच, पण पहिला उंबरठा धनिकाला ओलांडता येणारा, दुसरा कारकुनालाही.

नंतरची पावले त्वरेने पडली. अबू धाबीने २०२१ च्या १४ क्रमांकाच्या कायद्याने मुस्लिमेतर परकीयांसाठी नागरी विवाह, दोष सिद्ध न करता घटस्फोट, मुलांचा संयुक्त ताबा आणि स्त्रीची साक्ष पुरुषाच्या बरोबरीची, अशी व्यवस्था केली. मृत्युपत्र नसेल तर अर्धी मालमत्ता जोडीदारास व अर्धी मुलामुलींस समान. कामकाज अरबीबरोबर इंग्रजीतही चालावे असे ठरल्याने भाषांतराचे ओझे हलके झाले. नागरी विवाहाची साधारण फी ३०० दिरहॅम ठेवण्यात आली. तातडीने हवा असेल तर २,५००. संघराज्याचा याच धर्तीचा कायदा १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. त्याच महिन्यात अबू धाबीच्या सादियात बेटावर मशीद व चर्च यांच्या शेजारी रांबाम यांच्या नावाच्या सिनेगॉगचे उद्घाटन झाले. जेथे थोड्या वर्षांपूर्वी यहुदी मंडळी दुबईतील एका खाजगी बंगल्यात मिन्यान जमवीत, तेथे हा बदल लहान नव्हे.

याच २०२३ साली मुस्लिमेतरांच्या उपासनागृहांविषयी संघीय कायदाही झाला. परवाना घेतल्यावर उपासनागृहाला कायदेशीर व्यक्तित्व मिळते. त्याने देशातील बँकेत खाते उघडावे लागते. नियमभंगास लाखांतील दंड. येथे अमेरिकन व अमिराती पद्धतींतील खरा भेद दिसतो. अमेरिकेत नागरिक सरकारला न्यायालयात खेचतो आणि भांडण फीचे असते. अमिरातीत तसा दावाच उद्भवत नाही. तेथे शासन खिडकी उघडते, फी ठरविते, आणि माणूस पावती घेऊन घरी जातो. सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने ३०० दिरहॅमची पावती दहा वर्षांच्या खटल्याहून शतपटीने बरी. मात्र जी खिडकी हुकूमाने उघडली ती हुकूमाने बंदही होऊ शकते, आणि त्या दिवशी तक्रार कोठे व कोणाच्या खर्चाने न्यावी, याचे उत्तर पावतीवर छापलेले नसते. सोय आणि हक्क यांत हेच अंतर आहे.

दुसऱ्याच्या घराचे मोजमाप करताना स्वतःच्या घराकडे पाहिलेच पाहिजे. १९५३ च्या कायद्याने इस्राएलमधील यहुद्यांचे विवाह व घटस्फोट रब्बी-न्यायालयांच्या अधिकारात दिले. १९६२ साली मुख्य रब्बींच्या कचेरीने आपल्या समाजाच्या विवाहांपूर्वी पूर्वजांच्या वंशाची चौकशी करण्याच्या सूचना काढल्या. तेव्हाही हक्क कागदावर होता. पण पणजी-आजीचे यहुदीपण सिद्ध करण्याचा भार, आणि त्यासाठी रेवदंडा-अलिबागकडून पुरावे आणण्याचा खर्च, नुकत्याच बोटीतून व विमानातून उतरलेल्या श्रमिक कुटुंबांवर टाकला गेला. आपल्या लोकांनी १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठाण मांडले, ऑगस्टमध्ये क्नेसेतने बेने-इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे ठरावाने सांगितले, आणि त्या सूचनांतून आपल्या समाजाचे नाव वगळले गेले. तो विजय वकिलाच्या फीने नव्हे, तर बुडालेल्या रोजाने विकत घेतलेला होता.

आजही दोन यहुद्यांना इस्राएलच्या भूमीवर नागरी विवाह करता येत नाही. १९६३ च्या फुंक-श्लेसिंगर निकालामुळे परदेशी झालेला विवाह नोंदणी अधिकाऱ्याने नोंदवावा लागतो, म्हणून जोडपी सायप्रसला जातात. अबू धाबीचा नागरी विवाह प्रवाशांनाही खुला असल्यामुळे, जे तेल अवीवमध्ये मिळत नाही ते एका अरब राजधानीत ३०० दिरहॅमला मिळते, असा विलक्षण योग जुळून आला आहे. आम्ही कोणास हुप्पा सोडून तिकडे जाण्याचा सल्ला देत नाही. तसा विवाह केल्यावर पुढे विभक्त होण्याची वेळ आली तर दोघेही यहुदी असल्यास प्रकरण रब्बी-न्यायालयाकडेच येते, हेही तरुणांनी जाणून असावे.

राज्य धर्मापासून विभक्त असो वा नसो, त्याची परीक्षा आमच्या मते एकाच जागी होते: ज्याच्यापाशी पैसा नाही आणि ज्याची माणसे थोडी आहेत, अशाला आपला धर्म व आपले घर सांभाळण्यासाठी किती मोजावे लागते? अमिरातीने गेल्या काही वर्षांत ही किंमत उतरविली, याचे मोकळेपणाने कौतुक करावे. तेथे नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी स्वस्त झालेल्या या सोयीचा लाभ घेऊन मृत्युपत्राची नोंद वेळीच करावी. ते काम उद्यावर टाकले तर मागे राहिलेल्यांना त्याची किंमत पुन्हा जुन्या भावाने द्यावी लागेल. आणि आपण ज्या देशाचे नागरिक आहोत तेथे वंशाचा पुरावा, दाखला वा फी यांच्या रूपाने कोणत्याही लहान समाजापुढे नवा उंबरठा रचला जात असेल, तर १९६४ सालची आठवण ठेवून त्या समाजाच्या बाजूने प्रथम बोलणे हे बेने-इस्राएलांचे काम आहे.