अधिकार अभिलेखातील शेरे

अधिकार अभिलेखातील शेरे : जमिनीच्या अधिकार अभिलेखात धारकाचे नाव, क्षेत्र व आकारणी यांच्या जोडीला त्या जमिनीवरील बंधन, बोजा किंवा इतरांचे हक्क दर्शविण्यासाठी केलेल्या संक्षिप्त नोंदी. महाराष्ट्रात त्या मुख्यत्वे सातबारा उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ या सदरात आढळतात. शेरा बहुधा एकदोन ओळींचा असतो. परंतु जमीन विकता येईल काय, तिच्यावर कर्ज मिळेल काय, तिच्यावर बांधकाम करता येईल काय, हे प्रश्न पुष्कळदा त्यावरच अवलंबून राहतात. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात शेतजमिनींचे नगरभूमीत वेगाने रूपांतर झाले. त्यामुळे ज्या कारणास्तव शेरा लिहिला गेला ते कारण संपुष्टात आले, तरी शेरा मात्र कायम राहिला, अशी उदाहरणे या भागात ठळकपणे दिसून येतात.

उगम : मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५–३६ मध्ये इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या मोजणीतून प्रत्येक शेतास भूमापन क्रमांक देण्याची पद्धती रूढ झाली. या मोजणीचा हेतू महसुलाची निश्चिती हा होता. सारा कोणी भरावयाचा हे तीवरून कळे. पण गहाण, कूळ, वारसा, वहिवाट इ. हक्कांचा बोध होत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी १९०३ मध्ये अधिकार अभिलेखाचा स्वतंत्र अधिनियम करण्यात आला आणि १९१३ मध्ये त्यातील तरतुदी १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने त्यांची जागा घेतली. गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) व गाव नमुना बारा (पिकांची नोंदवही) हे एकाच कागदावर देण्यात येऊ लागल्याने ‘सातबारा’ हे नाव लोकांच्या तोंडी बसले.

नोंदीची पद्धती : शेरा थेट सातबारावर लिहावयाचा नसतो. हक्कातील बदलाची वर्दी मिळाली, की तलाठी (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी) प्रथम गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतो. हितसंबंधितांना नोटीस देण्यात येते व नोंदीची प्रत चावडीवर लावली जाते. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेऊन तिचा निर्णय करण्यात येतो. यानंतर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच ती सातबारावर उतरते. हस्तलिखित उताऱ्यावर जुनी नोंद खोडून टाकीत नसत; ती कंसात घालून शेजारी नव्या फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत. त्यामुळे जमिनीचा पूर्वेतिहास मागे मागे शोधीत जाता येतो. प्रत्येक शेऱ्यामागे फेरफार व प्रत्येक फेरफारामागे दस्तऐवज, आदेश वा वर्दी असली पाहिजे, हे या रचनेचे मूलतत्त्व होय.

नोंदीचे बळ : संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. हे केवळ गृहीतक असून तीमुळे मालकी निर्माण होत नाही. याउलट दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये टॉरेन्स यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या पद्धतीत नोंदवहीतील नोंद हाच मालकीचा आधार असतो. महाराष्ट्रात नोंद हा पुरावा आहे, हक्क नव्हे. व्यवहारात मात्र बँक, नोंदणी कार्यालय वा नियोजन प्राधिकरण यांपुढे शेऱ्याला जवळजवळ निर्णायक महत्त्व येते. तो चुकीचा असल्यास तसे सिद्ध करण्याचा भार धारकावर पडतो.

प्रकार : काही शेरे संरक्षक स्वरूपाचे असतात. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ अन्वये १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कुळे जमिनीचे मालक मानली गेली. अशा जमिनीच्या हस्तांतरावर कलम ४३ चे बंधन असल्याचा शेरा ठेवण्यात आला. आदिवासींच्या जमिनी बिगर आदिवासींकडे जाऊ नयेत यासाठी संहितेच्या कलम ३६ व ३६-अ यांखालील निर्बंध नोंदले जातात. वारली, ठाकूर व कातकरी यांची वस्ती असलेल्या ठाणे जिल्ह्यात या नोंदींना विशेष महत्त्व आहे. दुसरा प्रकार बोजांचा. त्यांत सहकारी संस्थांची व बँकांची कर्जे, तगाई इ. येतात. तिसरा प्रकार धारकाच्या स्थितीविषयीचा असून ‘अपाक’ म्हणजे अज्ञान पालक कर्ता हा शेरा त्याचे उदाहरण होय. धारक अज्ञान असताना केलेली ही नोंद तो सज्ञान झाल्यावरही आपोआप नाहीशी होत नाही.

नागरी कमाल धारणेचे शेरे : नागरी जमीन (कमाल धारणा व विनियमन) अधिनियम, १९७६ हा ठाणे आणि उल्हासनगर-कल्याण-डोंबिवली या पट्ट्यासही लागू होता. कमाल मर्यादेपेक्षा अधिक असलेल्या जमिनींना कलम २० खाली अटींवर सूट देण्यात येई व तसा शेरा अभिलेखात घेतला जाई. महाराष्ट्रात हा अधिनियम २९ नोव्हेंबर २००७ रोजी निरसित झाला. तथापि शेरे राहिले. निरसनानंतरही कलम २० खालील सुटीच्या अटी टिकून राहतात, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१४ मध्ये दिला. अखेर अधिमूल्य भरून अशा जमिनी बंधनमुक्त करण्याची योजना राज्य शासनाने २०१९ मध्ये आणली. तोवर त्या जमिनींवरील इमारतींत घरे घेतलेली असंख्य कुटुंबे, आपण न स्वीकारलेल्या अटींच्या छायेत राहत होती.

खाजगी वनांचे शेरे : याहून गंभीर प्रश्न खाजगी वनांबाबत उद्‌भवला. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ३५ (३) खाली १९५६–५७ च्या सुमारास अनेक जमीनधारकांच्या नावे नोटिसा निघाल्या होत्या. पुष्कळ प्रकरणांत पुढील कार्यवाही झाली नाही. ३० ऑगस्ट १९७५ रोजी अमलात आलेल्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाने अशी नोटीस निघालेली जमीनही खाजगी वनाच्या व्याख्येत आणली व खाजगी वने शासनाकडे निहित झाली. तथापि महसुली अभिलेखात त्याची नोंद अनेक ठिकाणी झाली नाही आणि बांधकामांना परवानग्या मिळत राहिल्या. २००२ मधील एका जनहित याचिकेनंतर अभिलेख अद्ययावत करण्यात येऊन मुंबई उपनगरे व ठाणे येथील जमिनींवर वनाचे शेरे आले. मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये शासनाची बाजू ग्राह्य धरली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज व बॉइस कंपनीच्या प्रकरणात ती अमान्य केली. केवळ नोटीस काढणे पुरेसे नाही, ती धारकावर बजावली गेली पाहिजे व तिच्यावरील कार्यवाही चालू असली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. पन्नास वर्षे सुप्त असलेला कागद एका शेऱ्याने जागा होतो. दुसरीकडे, वेळीच न केलेल्या नोंदीमुळे खरोखरीचे वनही असुरक्षित राहू शकते, हे दोन्ही धोके या प्रकरणातून स्पष्ट झाले.

संगणकीकरण : ई-फेरफार प्रणालीमुळे प्रत्येक शेरा फेरफार क्रमांकाशी संगणकात जोडला गेला आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उतारे मिळू लागले. तथापि संगणक हस्तलिखितातील शेरा जसाच्या तसा उतरवून घेतो. तो कालबाह्य आहे काय, हे ठरवीत नाही. यासाठी २०२५ मध्ये राज्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेण्यात आली. तीत मृत खातेदारांच्या वारसांची नावे लावणे, तसेच अपाक, जुनी तगाई यांसारखे निरुपयोगी शेरे कमी करणे यांचा समावेश करण्यात आला. शेरा कमी करण्यासही फेरफार व सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि ही सावधगिरी योग्यच आहे. एका धारकाच्या दृष्टीने जो शेरा अडसर असतो, तोच दुसऱ्या ठिकाणी कुळाची वा आदिवासी खातेदाराची जमीन राखणारा एकमेव लेखी आधार असू शकतो.