सिद्धू, मिल्या, संघू : आपल्या हाकेच्या नावांचे मूळ आणि अर्थ

आपल्यापैकी बहुतेकांना दोन नावे असतात. एक शाळेच्या दाखल्यावरचे, दुसरे हाकेचे. दाखल्यावरचे नाव आईवडील विचार करून ठेवतात. हाकेचे नाव घरात, वस्तीत, मित्रांमध्ये आपोआप पडते आणि बहुतेक वेळा तेच जास्त वापरले जाते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण नावे बदलली. आता हाकांकडेही एकदा नीट पाहू.

हाकेचे नाव कसे बनते?

मराठीत नावाचा पहिला भाग धरायचा आणि त्याला प्रत्यय जोडायचा, ही साधी रीत आहे. 'ऊ' लाडाचा, तो मुलगा-मुलगी दोघांनाही चालतो. 'ई' मुलींसाठी : रमाची रमी, सुमनची सुमी. 'या' मुलग्यांसाठी : मित्राच्या तोंडी जवळिकीचा, परक्याच्या तोंडी अपमानाचा. 'बा', 'राव', 'जी', 'दादा', 'ताई' आदराचे. म्हणून भीम्या, भीमा आणि भीमराव ही एकाच नावाची तीन रूपे असली, तरी त्यांचे वजन वेगवेगळे आहे.

आपल्या घरांतली काही नावे

सिद्धार्थ : सिद्धू, सिध्या. पालीत सिद्धत्थ. ज्याचा हेतू सिद्ध झाला तो.

राहुल : राहुल्या. सिद्धार्थ आणि यशोधरेचा मुलगा. परंपरेत या नावाचा संबंध 'बंधन' या अर्थाशी जोडतात. तोच राहुल पुढे संघात आला.

यशोधरा : यशू. यश धारण करणारी.

सुजाता : सुजा, सुजी. चांगल्या कुळात जन्मलेली, असा शब्दार्थ. आपल्याला ती आठवते खीरदानामुळे, म्हणजे कृतीमुळे.

विशाखा : विशू. मूळ नाव नक्षत्राचे. श्रावस्तीच्या या उपासिकेने पूर्वाराम विहार बांधून दिला. तिच्यामुळे सासरे मिगार धम्माकडे वळले आणि तिला आई मानू लागले. म्हणून तिचे दुसरे नाव पडले मिगारमाता.

संघमित्रा : संघू, मित्रा. संघाची मैत्रीण. सम्राट अशोकाची ही कन्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली.

मिलिंद : मिल्या, मिलू. ग्रीक राजा मिनँडरच्या नावाचे हे पाली रूप. नागसेन (नागू, नाग्या) हे त्याच्याशी संवाद करणारे भिक्खू. औरंगाबादच्या नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा ही जोडी पुन्हा एकत्र आली.

बुद्धकाळातही अशी नावे पडत होती. अनाथपिंडिकाचे खरे नाव सुदत्त. अनाथांना अन्न देतो म्हणून तो अनाथपिंडिक झाला. अंगुलिमाल हे तर बोटांच्या माळेवरून पडलेले नाव.

चळवळीतली नावे

बाबासाहेबांचे बालपणीचे नाव भिवा. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी प्रवेश झाला, तोही याच नावाने. माता रमाईंना ते 'रामू' म्हणत. १९४० साली निघालेल्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथाची अर्पणपत्रिका 'रामू'च्याच स्मृतीला आहे. घरातली हाक त्यांनी जगासमोर मानाने ठेवली. यशवंतराव झाले भैय्यासाहेब, भाऊराव कृष्णाजी गायकवाड झाले दादासाहेब, वामन कर्डक झाले वामनदादा. ज्या समाजाला अरे-तुरेच ऐकावे लागत होते, त्याने आपल्या माणसांना 'साहेब' आणि 'दादा' म्हणणे ही साधी गोष्ट नव्हती.

हाकेतली जात

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांचाही कायदा आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बळाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे निंदा सुचवणारे असावे, असे तो सांगतो. हा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. दगडू, धोंडू, कचरू ही नावे इतर जातींतही होती. मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून ती ठेवत. पण आपल्या माणसाचे नाव बरे असले, तरी गावाच्या तोंडी त्याला 'या' लागायचाच. पिकल्या केसांच्या माणसाला सवर्णाचे पोर 'या' लावून हाक मारी आणि त्याला 'जी' म्हणावे लागे. 'बलुतं' लिहिणाऱ्या दया पवारांचे मूळ नाव दगडू. दगडू ते दया हा प्रवास त्यांच्या एकट्याचा नव्हता.

धम्म काय सांगतो?

नाव हा फक्त ओळखीचा संकेत आहे, असे नागसेन मिलिंदाला सांगतात. जातककथेतला पापक आपले नाव वाईट म्हणून चांगले शोधायला निघतो. त्याला धनपाली नावाची दरिद्री दासी आणि जीवक नावाचा मेलेला माणूस भेटतो. तो आपल्याच नावावर समाधान मानून परततो. मग नावात काय आहे?

नाव संकेत असेल, पण हाक मारणे हे कर्म आहे. विनयात 'ओमसवाद', म्हणजे हिणवून बोलणे, हा दोष आहे. जात, नाव, गोत्र, काम यांवरून हिणवणे त्यात येते. अपमानाचा हेतू नव्हता, गंमत केली, असे म्हटले तरी सुटका नाही. तेही 'दुब्भासित', म्हणजे वाईट बोलणेच. महापरिनिब्बाणापूर्वी तथागतांनी हाकेची रीतही सांगून ठेवली : थोरल्याने धाकट्याला नावाने किंवा 'आवुसो' म्हणावे, धाकट्याने थोरल्याला 'भन्ते'. हे थोरपण जातीवरून नाही, दीक्षेवरून ठरते. म्हणूनच शाक्य राजपुत्रांनी आपला मान मोडावा म्हणून उपाली न्हाव्याला आधी दीक्षा द्यायला लावली.

आज वसतिगृहात, कॉलेजच्या ग्रुपवर, ऑफिसात कुणाच्या रंगावरून, आडनावावरून किंवा सवलतीवरून नाव पाडले जाते आणि वर 'मजा केली' म्हणतात. ते आपण खपवून घेऊ नये. तसेच आपल्या वस्तीत काळ्या, लंगड्या, बुटकी अशा हाका आपणच मारत असू, तर त्याही थांबवाव्यात. एक कसोटी पुरे आहे : ज्याला हाक मारतो, त्याला ती त्याच्या लेकरांसमोर ऐकायला आवडेल का? आवडत असेल तर सिद्धू, मिल्या, संघू खुशाल म्हणावे. नसेल तर पूर्ण नाव घ्यावे. ती नावे आपण कष्टाने मिळवलेली आहेत.