वजनदार बाणाचं शहाणपण

आमचं धावडा अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतचं गाव. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि गतिज ऊर्जेचा धडा आला की फळ्यावर तिरकामठा काढायचो. मोटारगाडीचं उदाहरण पुस्तकात होतंच. पण या डोंगरात भिल्लांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या तिरकामठाच होता.

गणित सोपं आहे. ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. समजा, २५ ग्रॅमचा बाण सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा ४५ ज्यूल. त्याच कामठ्यातून ४० ग्रॅमचा बाण ४८ मीटरने सुटला, तर ४६ ज्यूल. दोन्ही जवळपास सारखेच. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, मात्र पहिल्याचा १.५ आणि दुसऱ्याचा १.९, म्हणजे सव्वापटीहून जास्त. बंदुकीच्या गोळीसारखा धक्का बाण देत नाही. तो कापत आत शिरतो आणि जनावर रक्तस्रावाने पडतं. सांबर किंवा रानडुकराच्या जाड कातडीतून, फासळीतून पार जायचं, तर जड बाणच उपयोगी. शिवाय फार हलका बाण कामठ्याची सगळी ताकद घेऊ शकत नाही. उरलेली ताकद बांबूलाच हादरवते.

हे सूत्र भिल्लांनी लिहून ठेवलं नाही, त्यांनी ते घडवलं. बांबूचा कामठा, दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची, बोरूचा दांडा आणि त्याला लोखंडी पातं. जशी शिकार, तसं पातं. मासे मारायच्या बाणाचं पातं तर लागताच दांड्यापासून सुटायचं. दोरीने जोडलेला हलका दांडा पाण्यावर तरंगून मासा कुठे आहे ते दाखवायचा. एकच बाण सगळ्या कामांना चालत नाही, हे ज्याला कळलं त्याला मी विज्ञान कळलं असंच म्हणतो.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात छद्दंत जातकाचं चित्र आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. सहा सुळ्यांच्या हत्तीला मारायला निघालेला सोनुत्तर नावाचा व्याध या कथेत खड्ड्यात दडून विषारी बाण सोडतो. हत्तीएवढं जनावर एका बाणाच्या जोरावर पडत नाही, म्हणून कथेतही जवळून नेम आणि वर विष. याच लेण्यात एप्रिल १८१९ मध्ये वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपलं नाव कोरलं. पुढे १८२५ साली जेम्स आउट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात भिल्ल पलटण उभारली आणि तिरकामठा चालवणाऱ्या हातांत सरकारी बंदूक आली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधनं आली, आणि ते योग्यच झालं. कन्नडकडच्या डोंगरात १९८६ साली गौताळा औट्रमघाट अभयारण्य झालं. त्या नावात आउट्रम आहे, कामठा घडवणारा कुणी नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. संग्रहालयात भिल्लांचा बाण मांडाल तेव्हा त्याखाली केवळ जमातीचं नाव लिहू नका. दांड्याची लांबी, पात्याचा आकार आणि बाणाचं वजन ग्रॅममध्ये लिहा. शेजारी तो कोणत्या जनावरासाठी होता तेही लिहा. तेवढ्या चार नोंदींवरून शाळकरी मुलगीसुद्धा ताडून पाहील, की घडवणाऱ्याचा हिशेब किती पक्का होता.