अकरा मिनिटांच्या जागी तीन

आपल्याकडे ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो तेव्हा दक्षिण अमेरिकेत वसंत असतो. झाडांना पालवी, मैदानांवर गवत आणि रग्बीच्या मोसमातले उरलेसुरले सामने. १९७२च्या अशाच एका वसंतात उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओहून काही तरुण सुटीला जोडून चिलीत सामना खेळायला निघाले. संघाचं नाव ओल्ड ख्रिश्चन्स. स्टेला मारिस कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा हा क्लब. नावात कॉलेज असलं तरी ती आयरिश ख्रिश्चन ब्रदर्सनी चालवलेली शाळा. फुटबॉलवेड्या देशात या ब्रदर्सनी आपल्या मुलांच्या हाती रग्बीचा लांबुळका चेंडू दिला होता.

या प्रवासाचा शेवट कसा झाला हे त्यावरच्या पुस्तकांमुळे आणि सिनेमांमुळे जगाला ठाऊक आहे. पण बहुतेक वेळा गोष्ट सुरू होते ती विमान कोसळल्यावर. इथे आपण त्याआधीचे साडेएकतीस तास पाहू.

गुरुवार, १२ ऑक्टोबर. सकाळी ८ वाजून ५ मिनिटं
*अपघाताला साडेएकतीस तास बाकी*

माँटेव्हिडिओच्या कारास्को विमानतळावरून उरुग्वेच्या हवाई दलाचं फेअरचाइल्ड एफएच-२२७डी हे दोन इंजिनांचं विमान उडतं. शेपटीवर आकडा ५७१. आत ४५ माणसं : ५ कर्मचारी, ४० प्रवासी. त्यातले १९ जण संघाचे. बाकी बहुतेक नातेवाईक आणि दोस्त.

हे बाकीचे आले कसे? संघाने हवाई दलाचं अख्खं विमानच भाड्याने घेतलं होतं. जितकी डोकी जास्त तितका प्रत्येकाचा वाटा कमी. म्हणून कर्णधार मार्सेलो पेरेस आणि सोबत्यांनी ओळखीपाळखीत विचारणा करून जागा भरल्या. आपल्याकडे सहलीची बस ठरवली की शेवटच्या चार सीटसाठी फोनाफोनी होते, तसंच. बावीस वर्षांच्या नान्दो पाराडोने आई आणि धाकटी बहीण सुसाना यांना बरोबर घेतलं. एका बाईंना मुलीच्या लग्नासाठी चिलीत पोहोचायचं होतं, त्यांना अगदी शेवटच्या घडीला तिकीट मिळालं. एक मुलगा मात्र वेळेवर पोहोचलाच नाही, त्याचं विमान चुकलं.

आदल्या वर्षीही संघ चिलीला जाऊन आला होता. सहल मजेत झाली होती. त्यामुळे या वेळी धाकधूक कुणालाच नव्हती.

गुरुवार, दुपार
*साधारण एक दिवस बाकी*

अँडीजवर वादळी हवा आहे. वैमानिक पर्वतरांगेच्या अलीकडे, अर्जेंटिनातल्या मेन्डोझाला विमान उतरवतात. मुक्काम तिथेच.

निर्णय शहाणपणाचा होता. मुख्य वैमानिक कर्नल हुलिओ सेसार फेराडास यांनी अँडीज २९ वेळा ओलांडला होता आणि या डोंगरांशी खेळ करायचा नसतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. या फेरीत मात्र विमान चालवत होते सहवैमानिक लेफ्टनंट कर्नल दान्ते लागुरारा. सरावासाठी त्यांना ही संधी दिली होती.

मुलं हिरमुसली. सुटीतला एक दिवस वाया गेला. तरी परगाव ते परगाव. पोरं मेन्डोझात हिंडली, थोडी खरेदी झाली. चॉकलेटं, वाइनच्या बाटल्या, असलंच किरकोळ. दोन दिवसांनी हीच चॉकलेटं मोजून, तुकडे करून वाटावी लागणार होती.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर. सकाळ
*सहा-सात तास बाकी*

विमानतळावर वाट पाहणं चालू आहे. आता तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत.

पहिली, परक्या देशाच्या लष्करी विमानाला अर्जेंटिनाच्या भूमीवर २४ तासांहून जास्त थांबता येत नाही. म्हणजे आज पुढे तरी जायचं, नाही तर मागे तरी फिरायचं.

दुसरी, दुपारी अँडीजवरची हवा बिघडते. अर्जेंटिनाच्या मैदानावर तापलेली हवा वर चढते, बर्फाच्या रेषेवरच्या गार हवेशी तिची गाठ पडते आणि विमानाला गचके बसू लागतात. ओलांडायचं तर सकाळी, हा तिकडचा रिवाज. पण सकाळी हवामान मोकळं नव्हतं.

तिसरी, चाळीस उतावळे प्रवासी. मुलांनी वैमानिकांना भित्रे म्हणून चिडवलं. १३ तारीख आणि शुक्रवार यावरूनही थट्टा झाली. अनेक पाश्चात्त्य देशांत हा योग अशुभ मानतात. वैमानिकांनी निर्णय त्या टोमण्यांमुळेच घेतला असं म्हणता येणार नाही. पण मागे फिरणं सोपं वाटावं असं त्या दिवशी आजूबाजूला काहीच नव्हतं.

दुपारी २ वाजून १८ मिनिटं
*७६ मिनिटं बाकी*

विमान मेन्डोझाहून उडतं. सामना जिथे आहे ते चिलीतलं सान्तियागो सरळ रेषेत जेमतेम २०० किलोमीटरवर आहे. पण मध्ये जवळजवळ सात हजार मीटर उंचीच्या अकोन्काग्वाचा डोंगराळ परिसर आहे. तिथून जायचं तर २५-२६ हजार फुटांवरून उडावं लागतं. या विमानाची कमाल मर्यादा २८ हजार फूट आणि विमान तर माणसांनी, सामानाने भरलेलं. म्हणून वळसा घालायचा ठरतो : मेन्डोझाहून दक्षिणेला मालार्ग्वे, तिथून पश्चिमेला वळून प्लान्चोन खिंडीवरून चिलीत, खिंडीपलीकडे कुरिको गाव आणि मग उत्तरेला उजवीकडे वळून सान्तियागो. विमानाची उंची १८ हजार फूट.

सगळा प्रवास एका वळणावर टांगलेला आहे. कुरिकोला पोहोचल्यावरच उजवीकडे वळायचं. त्याआधी वळलात तर खाली सपाटी नाही, पर्वत आहे.

दुपारी ३ वाजून ८ मिनिटं
*२६ मिनिटं बाकी*

मालार्ग्वे आलं. विमान पश्चिमेला वळतं. खाली ढगांचा पांढरा गालिचा पसरलेला. जमीन दिसत नाही. समोरून जोराचा वारा आहे, म्हणजे विमानाचा प्रत्यक्ष वेग कमी झाला आहे.

अशा वेळी वैमानिक वेग आणि घड्याळ यांवरून आपण कुठे आहोत याचा हिशेब मांडतो. पावसाळ्यात बोरघाटात धुकं दाटलं की जुना ड्रायव्हर मनगटावरचं घड्याळ पाहून सांगतो, "एवढ्यात खोपोली यायला हवी." त्याचं चुकलं तर फार तर चहा उशिरा मिळतो.

३ वाजून २१ मिनिटं
*१३ मिनिटं बाकी*

लागुरारा सान्तियागोला रेडिओवरून कळवतात : प्लान्चोन खिंडीवर आहोत, ३.३२ला कुरिको गाठू. खिंडीपासून कुरिकोपर्यंत साधारण ११ मिनिटं लागतात. हिशेब बरोबर आहे.

मागे केबिनमध्ये सहलीचा माहोल आहे. कुणी डोक्यांवरून रग्बीचा चेंडू या टोकाकडून त्या टोकाकडे फेकतंय. पाराडो खिडकीशी बसला होता. जिवलग मित्र पान्चितो आबालला डोंगर पाहायचे होते, म्हणून त्याने जागा बदलून मागितली. पाराडोने दिली.

३ वाजून २४ मिनिटं
*१० मिनिटं बाकी*

फक्त तीनच मिनिटं झाली आहेत. लागुरारा कळवतात : कुरिको आलं, उत्तरेला वळतो आहोत. खाली उतरण्याची परवानगी मागतात.

सगळी घटना याच ओळीत आहे. ज्याने ३.३२ची वेळ सांगितली होती तोच माणूस ३.२४ला पोहोचल्याचं सांगतो. तेही समोरून वारा असताना, उशीर व्हायला हवा तिथे आठ मिनिटं आधी. शेजारी २९ फेऱ्यांचा अनुभवी वैमानिक, मागे नॅव्हिगेटर. सान्तियागोच्या नियंत्रकाची भिस्त वैमानिकाने सांगितलेल्या ठिकाणावर. दोन निरोपांतल्या वेळांची वजाबाकी कुणी वेळेवर केली नाही. ती का राहिली, हे सांगायला कॉकपिटमधलं कुणी उरलं नाही.

नियंत्रक ११,५०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण ३,५०० मीटरपर्यंत उतरायची परवानगी देतो. विमान ज्या कड्याकडे चाललं आहे त्याची उंची सुमारे ४,२०० मीटर आहे.

साडेतीनच्या सुमारास
*चार मिनिटं बाकी*

विमान ढगात शिरतं. एकदम खाली आदळतं, शेकडो फूट. पोटात गोळा येतो तसा सगळ्यांना येतो, आणि पोरं "ओले!" म्हणून ओरडतात, बैलझुंजीत प्रेक्षक ओरडतात तशी. पुन्हा एक हवेचा खड्डा. या वेळी विमान ढगांच्या खाली येतं. खिडकीतून दिसायला हवी होती चिलीची हिरवी सपाटी. दिसतो तो पंखाच्या टोकाला लागून काळा खडक आणि बर्फ.

ओरडा थांबतो. इतक्या जवळून जातात का, असं कुणीतरी विचारतं. काही जण प्रार्थना पुटपुटू लागतात. इंजिनं पूर्ण ताकदीने किंचाळतात, नाक वर होतं.

३ वाजून ३४ मिनिटांच्या सुमारास

विमानाचं नाक कडा पार करतं, मागचा भाग करत नाही. उजवा पंख तुटतो, शेपटी तुटते, डावा पंख तुटतो. नुसतं धड उरतं आणि ते ताशी सुमारे ३५० किलोमीटर वेगाने घसरगुंडीवरून यावं तसं बर्फावरून शेकडो मीटर खाली जातं. शेवटी बर्फाच्या ढिगात रुततं. त्या धक्क्याने आसनं बुडापासून उखडून पुढे एकावर एक कोसळतात.

४५ पैकी ३३ जण जिवंत होते. रात्रीची थंडी सरली तेव्हा २८ उरले. खिडकीजवळ बसलेला आबाल गेला. पाराडोची आईही गेली, आणि आठव्या दिवशी बहीण.

त्यानंतर

फेराडास जागीच गेले होते. कॉकपिटमध्ये अडकलेले लागुरारा रात्रभर एकच सांगत राहिले : कुरिको मागे पडलं आहे. सकाळी ते मेलेले आढळले, पण त्यांची चूक मागे उरली. मुलांनी तिच्यावर विश्वास ठेवला. आपण चिलीच्या उंबरठ्यावर आहोत, पश्चिमेचा एक डोंगर चढला की पलीकडे हिरवी शेतं, असं त्यांनी धरून ठेवलं. प्रत्यक्षात ते अर्जेंटिनातच होते, साडेतीन हजार मीटरवर. पूर्वेला सुमारे २१ किलोमीटरवर एक बंद पडलेलं हॉटेल होतं. त्याचा कुणालाच पत्ता नव्हता.

पांढरं विमान पांढऱ्या बर्फात शोधणाऱ्यांना दिसलं नाही. आठ दिवसांनी शोध थांबला. २९ ऑक्टोबरच्या हिमलोटात आणखी आठ जण गेले. जगण्यासाठी मृत मित्रांच्या देहांचा आधार घ्यावा लागला. १२ डिसेंबरला पाराडो आणि रोबेर्तो कानेसा एका सोबत्याला घेऊन पश्चिमेचा तो डोंगर चढायला निघाले. पाराडो माथ्यावर पोहोचला. समोर हिरवी शेतं नव्हती, नजर पोहोचेल तिथवर डोंगरच होते. लागुरारांचं कुरिको दोन महिन्यांनी, त्या माथ्यावर खोटं ठरलं. तरी सोबत्याला परत पाठवून दोघे पुढे चालत राहिले आणि निघाल्यापासून नवव्या दिवशी नदीपलीकडे घोड्यावरचा एक गुराखी, सेर्हिओ कातालान, त्यांना दिसला. ७२ दिवस डोंगरात काढून १६ जण वाचले.

चौकशीने दोष वैमानिकाच्या चुकीला दिला. तो खराच आहे. पण त्या दिवशीचं विमान धडधाकट होतं, वैमानिक अनुभवी होते, मार्गही विचार करून निवडला होता. चुकलं ते एक वळण, आणि ते चुकत असताना कुणी घड्याळाकडे बोट दाखवलं नाही.

ओल्ड ख्रिश्चन्सचा तो सामना शेवटी सान्तियागोत झाला. १३ ऑक्टोबर २०१२ रोजी, चाळीस वर्षं उशिरा.