दृष्टांत आणि तात्पर्य : मराठी ख्रिस्ती बोधकथनाची परंपरा

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या मूळ ओव्या देवनागरीत आणि त्यांच्या जोडीला आजच्या मराठीतील गद्यानुवाद असे फादर नेल्सन फाल्काव यांनी सिद्ध केलेले पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झाले, ते बेंगळूरहून. मराठी बायबल छापून वाचकांपर्यंत पोहोचविणाऱ्या भारतीय बायबल सोसायटीचे मुख्यालयही त्याच नगरीत आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या दोन महत्त्वाच्या ग्रंथांची वाट अशा रीतीने एका कन्नड नगरीतून जावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु या वाङ्मयाचा इतिहासच तसा आहे. जन्मभूमीत त्याचे बोलणे बंद पडले, तेव्हा परमुलखाने ते जपून ठेवले. आणि स्वतःच्या भाषेच्या इतिहासग्रंथांत त्याला बहुधा ‘ख्रिस्ती वाङ्मय’ या शीर्षकाखालचे एक वेगळे प्रकरण मिळाले, मुख्य प्रवाहात जागा मिळाली नाही.

या वाङ्मयाचा सर्वांत विपुल आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे नित्य बोधाचे लेखन. घरातला, बाजारातला, शेतातला एखादा साधा प्रसंग घ्यावा, त्याला शास्त्रातील एखाद्या वचनाशी जोडावे आणि वाचकाच्या हाती दिवसभर पुरेल एवढी शिदोरी द्यावी, असे याचे स्वरूप. नियतकालिकांची पाने, पुस्तिका, कीर्तने आणि उपदेश यांतून ते शेकडो वर्षे होत आले आहे. टीकाकारांनी त्याला ‘प्रचार’ म्हणून बाजूस सारले, आणि श्रद्धावंतांनी त्याची वाङ्मयीन चिकित्सा करणे अनावश्यक मानले. दोघांच्याही नजरेतून एक प्रश्न निसटला : प्रसंग आणि बोध यांचे नाते या लेखनात कसकसे बदलत गेले?

हा प्रश्न मराठीला नवा नाही. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टांतपाठा’त चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत केसोबासांनी एकत्र केले. आधी सूत्र, मग दृष्टांत आणि अखेरीस दार्ष्टांतिक, म्हणजे कथेचा सिद्धांताशी लावलेला मेळ, अशी त्याची त्रिपदी रचना आहे. हत्ती आणि जन्मांध यांचा दृष्टांत याच ग्रंथातला. येथे कथा सिद्धांताच्या दोन खांबांमध्ये उभी असली, तरी तिला स्वतःचे गाव आहे, स्वतःची माणसे आहेत. पुढे वारकरी कीर्तनकाराने दृष्टांताला आणखी मोकळीक दिली. मराठी श्रोत्याचा कान अशा रीतीने तयार झालेला होता. पुढे मराठी ख्रिस्ती परिभाषेने येशूच्या कथांना ‘दृष्टांत’ हाच शब्द योजला, तेव्हा त्या शब्दाबरोबर ही सगळी पूर्वपुण्याई त्याच्या पदरात पडली.

येशूच्या दृष्टांतांची सामग्री तरी कोणती? हरवलेले नाणे शोधण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, तीन मापे पिठात खमीर मिसळणारी बाई, वाटेवर आणि खडकावर पडलेले बी, घर सोडून गेलेला धाकटा मुलगा. स्वयंपाकघर आणि शिवार यांपलीकडे त्या फारशा जात नाहीत. त्यांतील श्रेष्ठ कथा निकाल देऊन थांबत नाहीत, हे त्याहून महत्त्वाचे. उधळ्या मुलाच्या कथेत बाप थोरल्या मुलाची समजूत घालतो. पण तो थोरला शेवटी घरात येतो की अंगणातच उभा राहतो, हे सांगितलेलेच नाही. शोमरोनी माणसाची कथा ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारते. मूळ आदर्शातच असा मोकळा अवकाश होता. मराठी अनुयायांनी तो कितपत राखला, हीच या परंपरेची खरी कसोटी होय.

स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि पुढची चाळीस वर्षे साष्टीच्या परिसरात राहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे हिरावली गेली होती आणि नव्या धर्माची प्रश्नोत्तरे त्यांची ती भूक भागवू शकत नव्हती. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक श्रोताच पाद्रीगुरूकडे आपल्या भाषेतील पुराणाची मागणी करतो. या मागणीत विनंती आहे आणि मागे न विसरता येणारी वंचनाही आहे. स्टीफन्स यांनी तिला सुमारे अकरा हजार ओव्यांनी उत्तर दिले. श्रोत्याने शंका काढावी आणि गुरूने निरसन करावे, हा पुराणश्रवणाचा देशी रिवाज त्यांनी स्वीकारला. त्यामुळे परदेशी शास्त्रकथा इथल्या मांडवात बसून ऐकता आली. मात्र येथे प्रसंग शास्त्राचा आणि कान इथला, अशी वाटणी आहे. साष्टीतल्या माणसाचे स्वतःचे जीवन अजून दृष्टांत झालेले नव्हते.

ते होण्यास अवसर मिळाला नाही. १६४९ आणि १६५४ या साली ग्रंथाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. पण १६८४ साली पोर्तुगीज विजरईने लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारावी, असा हुकूम काढला. ज्या सत्तेच्या छायेत ग्रंथ छापला गेला, तिनेच त्याच्या भाषेवर बंदी आणली. दक्षिण कानड्यात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, आणि १९०७ साली जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरहून नवी आवृत्ती काढली. बेंगळूरचे २००९ चे प्रकाशन हा याच दक्षिणेकडील वाटेचा पुढचा टप्पा आहे.

एकोणिसाव्या शतकात हे बोधलेखन गद्यात अवतरले. श्रीरामपूर येथे विल्यम केरी आणि वैजनाथ पंडित यांच्या सहकार्याने १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईस आले, आणि १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. त्याच सुमारास शालोपयोगी मराठी गद्यही घडत होते. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीति’ १८२८ सालची. गोष्ट संपली की ‘तात्पर्य’ सांगायचे, ही सवय मराठी वाचकाच्या अंगवळणी पडली ती अशा पुस्तकांनी. मिशनच्या पुस्तिकांनी तीच घडण उचलली. हरि केशवजी यांनी बन्यनच्या रूपककथेचा ‘यात्रिक क्रमण’ हा अनुवाद १८४१ साली प्रसिद्ध केला. त्यात तर पात्रांची नावेच तात्पर्य होऊन बसतात.

तात्पर्याने वाचकाची सोय होते, कथेची मात्र हानी होते. तात्पर्य आधीच ठरलेले असले, म्हणजे प्रसंग त्याच्या मापाने बेतावा लागतो. पुस्तिकेतला शेतकरी केवळ आळशी असतो, शेजारीण केवळ मत्सरी असते आणि प्रतिपक्षाचा शास्त्री वादात हरण्यासाठीच येतो. या सोप्या विजयांनी अनेक पुस्तिका निर्जीव केल्या, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्या लेखनाला केवळ परकीयांचे अनुकरण म्हणणे अन्यायाचे होईल. कारण त्यातूनच बाबा पदमनजी उभे राहिले.

बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला आणि १८५४ साली तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तीन वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. यमुना आणि तिचा पती प्रवास करतात आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या ऐकतात. पुढे यमुनाच विधवा होते आणि अखेरीस ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. शेवटी लेखकाचे तात्पर्य जिंकते, यात संशय नाही. परंतु मधल्या कहाण्यांतील विधवा त्या तात्पर्याला पुरून उरतात. त्यांचे केशवपन, त्यांची उपासमार, त्यांच्यावरील पहारा हे कुणाच्या उपदेशासाठी रचलेले नव्हते. ते घरोघर घडत होते. साधा घरगुती प्रसंग बोधाच्या हेतूने हाती घेतला आणि त्याचे वजन त्या हेतूपेक्षा जास्त भरले, असे येथे प्रथमच घडते. मराठी कादंबरीचा आरंभ या ग्रंथापाशी मानला जातो, त्याचे कारण या जास्तीच्या वजनात आहे.

प्रसंग बदलला तशी शास्त्राची भाषाही बदलणे भाग होते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचा अनुवाद हाती घेतला. त्यांच्यासमोर केडगावच्या मुक्तिसदनातील दुष्काळातून वाचलेल्या, बेताच्या शिकलेल्या स्त्रिया होत्या. संस्कृताच्या या विदुषीने प्रौढ संस्कृत शब्द निग्रहाने गाळावेत, यातील त्याग अनुवादकांनाच पुरता कळेल. १९२२ साली त्यांचे देहावसान झाले. अनुवाद १९२४ साली छापून झाला, आणि त्याच्या छपाईचे काम मुक्तिसदनातील स्त्रियांनी केले. बोधाची वाचक आता बोधाची मुद्रकही झाली होती.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. तिचा वाङ्मयीन अर्थ असा की ख्रिस्ती अनुभवाने अभंगाची चाल स्वीकारली. १९१२ पासून १९१९ साली झालेल्या निधनापर्यंत ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. त्यांच्या लेखणीत बोध पाठशाळेतून बाहेर पडून भजनात आला. मात्र टिळक हे मूलतः भावकवी. सामान्य प्रसंगाचा सामान्यपणा राखणे हा त्यांचा गुण नव्हे. तो गुण त्यांच्या घरात होता.

लक्ष्मीबाई टिळकांनी पतीनंतर पाच वर्षांनी, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. मराठी ख्रिस्ती बोधकथनाचा सर्वोच्च ग्रंथ कोणता असे विचारले, तर ज्यात बोध जवळजवळ नाहीच असा हा ग्रंथ पुढे करावा लागेल. त्यांच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड मीठ आणि साखर धुण्यापर्यंत गेले होते. एखाद्या पुस्तिकाकाराने या घटनेवर कर्मठपणाच्या निषेधाचे पानभर तात्पर्य लिहिले असते. लक्ष्मीबाई ती हसत सांगतात, आणि त्या हसण्यात त्या माणसाविषयीची माया उणावत नाही. पुढे एक दिवस त्यांच्या मनात प्रश्न उठतो, जाती देवाने केल्या की माणसांनी? त्या प्रश्नाचे उत्तर त्या प्रवचनाने देत नाहीत. कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय करून देतात. घरातल्या पैशांवर दुसऱ्यांचा हक्क आधी मानणारा नवरा त्यांच्या लेखनात संत म्हणूनही येतो आणि संसाराला पुरता जेरीस आणणारा गृहस्थ म्हणूनही येतो. दानधर्माची महती आणि रिकाम्या डब्याची चिंता एकाच वाक्यात नांदू शकतात, हे दाखविणारा दृष्टांत येशूच्या दृष्टांतांच्या जातीचा आहे. कारण तोही निकाल देऊन थांबत नाही.

यामागे केवळ स्वभाव नव्हता. धर्मांतराने या घराला ताटातूट दिली, आप्तांचा दुरावा दिला, पंढरपूरच्या मुक्कामातले एकाकी दिवस दिले. ज्या प्रसंगासाठी माणसाने एवढी किंमत मोजलेली असते, त्याला तो दोन ओळींच्या तात्पर्यात सहजासहजी विकत नाही. पुस्तिकांच्या लेखकांपाशी सिद्धांत होता आणि ते त्याला साजेसे प्रसंग शोधीत होते. लक्ष्मीबाईंपाशी प्रसंग होते, आणि शास्त्र त्यांच्या मागे, घरातल्या समईसारखे, कुणाचे लक्ष न वेधता जळत होते.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ साली ते निवर्तले. त्यांच्या अध्यक्षपदाने एका दीर्घ उपेक्षेची अंशतः भरपाई झाली. परंतु सन्मान म्हणजे मूल्यमापन नव्हे. या परंपरेला सहानुभूतीची गरज नाही. मराठीतील इतर बोधपर लेखनाला लावला जातो तोच निकष तिलाही लावला जावा, एवढीच तिची रास्त अपेक्षा आहे. तो निकष लावला, तर पुष्कळ पुस्तिका गळून पडतील. ‘ख्रिस्तपुराणा’तला पुराण मागणारा श्रोता, ‘यमुनापर्यटना’तील विधवा आणि मीठ धुऊन घेणाऱ्या वडिलांविषयी मायेने लिहिणारी लेक मात्र उरतील. ही माणसे एका धर्माच्या दप्तरात नोंदली गेली म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासकाराने त्यांना मांडवाबाहेर ठेवावे, याला कोणतेही वाङ्मयीन कारण नाही.