कल्याणची जकात आणि तांबड्या पेशीचे दस्तक

उल्हास नदीच्या खाडीवर वसलेले कल्याण हे, ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या अनामिक ग्रीक नाविकाच्या काळापासून पेशवाईतील सुभेदारीपर्यंत, आपल्या वेशीवर आणि धक्क्यावर जगलेले शहर होय. घाट उतरून आलेला तांडा असो वा खाडीत शिरलेले गलबत असो, जकात भरून दस्तक दाखविल्यावाचून माल पुढे सरकत नसे. १ मे १८५४ रोजी ठाण्याहून आगगाडी येथवर आली, पुढे कसारा आणि कर्जत या दिशांना रूळ फुटले, आणि बंदराचा मान जंक्शनाकडे गेला. देशावरची माणसे याच वाटेने मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांत उतरली. दक्षिण कोकणची मात्र बहुधा आगबोटीने.

वेशीवरची अशी अडवणूक रक्तातही होते. त्याच मुंबईत, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात, रक्त द्यावे तर कोणाचेच जुळेना असे रुग्ण आढळले. त्यांपैकी एक रेल्वेच्या अपघातातला, दुसरा सुरीने भोसकलेला. डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ही हकीकत मांडली आणि ‘बॉम्बे’ रक्तगट जगास ठाऊक झाला.

याचे मर्म पेशीपटलात आहे. गोर्टर व ग्रेंडेल या डच संशोधकांनी १९२५ मध्ये तांबड्या पेशींतील मेद काढून पाण्यावर पसरला, तेव्हा तो पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरला; पटल मेदरेणूंच्या दोन थरांचे असल्याचा तर्क त्यावरून निघाला. फॉस्फोलिपिडांच्या या दुपदरी थरात कोलेस्टेरॉल दृढता राखते, प्रथिने ने-आण करतात, आतून स्पेक्ट्रिनचे जाळे असल्याने अरुंद केशवाहिनीतून दबून गेलेली पेशी पुन्हा मूळ आकार घेते. आणि बाहेरच्या अंगास शर्करांच्या साखळ्या असतात. हेच पेशीचे दस्तक. साखळीच्या टोकास फ्यूकोज जोडली की ‘एच’ खूण होते, तिच्यावर आणखी एक शर्करा चढली की ‘ए’ किंवा ‘बी’, न चढली तर ‘ओ’. बॉम्बे गटात फ्यूकोज जोडणारे विकरच नसते, म्हणून एरवी निरुपद्रवी ठरणारे ‘ओ’ गटाचे रक्तही त्या देहास परके वाटते.

पुढील पाहण्यांत असे लोक दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकाच्या लगतच्या भागांत विशेष आढळले, तेव्हा मुंबईने हे नाव बळकावले असे मला वाटते; शोध परळचा, रक्त गावाकडचे. नेहमीच्या ‘ए-बी’ चाचणीत ते ‘ओ’ म्हणूनच उतरते. दाता आणि रुग्ण यांच्या रक्ताची प्रत्यक्ष जुळणी पाहिली, किंवा ‘एच’ विरोधी द्रव वापरला, म्हणजे ते उघडकीस येते.